हासळीचं हाड

मान पुन्हा खिडकीकडे वळलेली होती.

ताईने ती रोजच्यासारखी सरळ केली. दोन बोटं हनुवटीखाली, अंगठा गालाच्या हाडावर, आणि हलकेच डावीकडे. शाळा सुटताना ती हे करायची आणि सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं की मान परत खिडकीकडे असायची. कोणी विचारलंच तर स्क्रू ढिला आहे म्हणायची. स्क्रू तिने स्वतः बदलून बघितला होता, एकदा सोडून दोनदा, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. त्या खिडकीतून मैदान दिसायचं, मैदानापलीकडे फाटक, आणि फाटकातून गावाबाहेर जाणारा रस्ता.

आज यातलं काहीच दिसत नव्हतं. सकाळी उतरलेलं धुकं दुपार कलली तरी जागचं हललं नव्हतं.

"आज तरी समोर बघा," ताई सांगाड्याला म्हणाली. "शेवटचा दिवस आहे तुमचा."

हाडांशी बोलणं या शाळेत वेडेपणाचं समजत नसत. अख्खी शाळा त्यांना आजोबा म्हणायची. परीक्षेच्या दिवशी पोरं रांग लावून त्यांचा उजवा हात हातात घेत. इतक्या वर्षांच्या हातांनी ती बोटं गुळगुळीत आणि तपकिरी झाली होती, आणि परीक्षा संपल्यावरही बराच वेळ कोमट राहायची. खोली झाडायला येणारी बाई त्या कोपऱ्यात केरसुणी न्यायची नाही. "त्यांच्या पायाशी कचरा नसतोच," म्हणायची. बघायला गेलं तर खरंच नसायचा.

या गावाची एक खोड आहे. दुसरीकडे माणसाला आडनाव विचारतात, इथे विचारतात, "शाळेला काय दिलंत?" प्रत्येक घराने आपल्या हातचं काहीतरी द्यायचं. काचवाल्याच्या घराने खिडक्या दिल्या, बेकरीवाला मधल्या सुट्टीचे पाव देतो, विणकरांचे पडदे अजून हॉलमध्ये आहेत. शाळाही हात आखडता घेत नाही. लग्नाला हॉल, आजारपणाला शाळेची गाडी, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवायला आणि नखं कापायला नववीची पोरं. आपल्या या पत्रेवाल्यांच्या घराने छप्पर दिलं होतं. पण ते आजोबांच्याही वडिलांनी दिलेलं. वडिलांच्या देण्यावर किती दिवस मिरवायचं, असं म्हणत आजोबांनी मरणानंतर स्वतःलाच शाळेला देऊन टाकलं. "पत्रा गंजतो," ते म्हणाले होते, "हाड गंजत नाही. पोरं चित्रातली हाडं मोजून डॉक्टर कशी होणार?"

तेव्हा ताई याच शाळेत नववीत होती. आज ती याच शाळेत जीवशास्त्र शिकवते. इतकी वर्षं ती हातात छडी घेऊन मुलांना सांगत आली, ही बरगडी, हा मणका, ही गळ्याखालची हासळी. आणि दरवर्षी कोणीतरी नवं पोर विचारतंच, "बाई, हे तुमचे बाबा ना? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"बाबांची कसली भीती?" ती म्हणायची. वाटायची. पण ती बाबांची नव्हती.

नवा नियम आला होता. खरी हाडं शाळेत ठेवायची नाहीत, घरच्यांच्या ताब्यात द्यायची. प्लॅस्टिकचा नवा सांगाडा येऊन कोपऱ्यात उभा होता, दात जरा जास्तच पांढरे असलेला. संध्याकाळच्या आत जुने आजोबा घरी जायचे होते आणि उद्या मातीत. आईने दफनभूमीत स्वतःच्या शेजारची जागा इतकी वर्षं राखून ठेवली होती. तिचं एवढंच मागणं होतं. जाईन तेव्हा त्यांच्या बाजूला जाईन.

जिन्यात पत्रा आपटल्याचा आवाज आला.

"धर की नीट! तुझ्या ऑफिसची फाइल नाही ही!" हा दादा. घरातला थोरला, पत्र्याचं दुकान चालवणारा.

"मला सांगितलं असतंस तर चांगली लाकडी पेटी आणली असती," हा छोट्या. पन्नाशीला टेकला तरी छोट्याच. मोठ्या शहरात वकील, घरी आला की साक्षीदार तपासल्यासारखं बोलायचा.

दोघांनी मिळून एक लांब पेटी आत आणली. दादाने स्वतःच्या हाताने केलेली, नव्या पत्र्याची, कडा दुमडून नीट ठोकलेली. मागून वहिनी आली, हातात सोल्डरिंगची पिशवी.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"झाकण झाळून टाकतो," दादा म्हणाला. "इथल्या इथे. एकदा बंद केलं की बंद."

"आणि आई?"

"आईने काय बघायचंय? चल, हात लाव. पायांकडून सोडवू."

"थांब," छोट्या म्हणाला. "आई यायला निघाली आहे. पोरं खुर्चीत बसवून आणताहेत तिला."

दादाने हातातला पाना टेबलावर आपटला. फॉर्मॅलिनच्या बरण्यांमधलं पाणी हललं, आणि आतला पांढरा बेडूक एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाला.

"कोणी सांगितलं तिला आणायला? इतकी वर्षं ती या खोलीत आली नाही. आणि आता या वयात तिला हे दाखवायचं? अक्कल गहाण टाकलीस काय रे?"

"तिनेच सांगितलं. म्हणाली, घरी आल्यावर सगळ्या गावासमोर तोंड बघण्यापेक्षा आधी एकटीला बघू दे."

"तोंड!" दादा हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "तोंड कुठाय तिथे?"

वहिनी नवऱ्याकडे बघत होती. हा माणूस वाऱ्यात उतरत्या छपरावर चालतो, तोंडात खिळे धरून गाणी गुणगुणतो. आज त्याला पेटीचा साधा चाप उघडता येत नव्हता.

"हे बरोबर बोलताहेत," ती नेहमीप्रमाणे आधी नवऱ्याच्या बाजूने बोलली. "सासूबाईंना त्रास कशाला? मला नवी नवरी असताना पहिल्यांदा इथे सासऱ्यांपुढे आणलं होतं, तर रात्री ताप भरला होता." मग तिने आवाज खाली आणला. "पण तुम्हाला काय झालंय? कशाला एवढे घाबरलाय?"

"कोण घाबरलंय?"

"मला विचारता? घाम बघा स्वतःचा."

ताई खिडकीशी गेली. खाली मैदानावर माणसं आली असतील, म्हणून तिने काच पुसली. आधी काहीच दिसलं नाही. मग धुकं जरासं विरलं आणि तिने कपाळ काचेला टेकवलं.

सगळं गाव उभं होतं. गर्दी नव्हती, रांगा होत्या. सकाळच्या प्रार्थनेला लावतात तशा, आणि ज्याची जी बॅच त्या रांगेत तो. पुढे आताची पोरं, मागे त्यांचे आईबाप, त्यांच्या मागे म्हातारे, काठ्या टेकून. कोणी बोलत नव्हतं. कोणी खोकतही नव्हतं. मागच्या रांगांमध्ये मध्येमध्ये एका माणसाएवढ्या जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या. जे आता नव्हते, त्यांच्या.

"हे कोणी लावलं असं?" तिने विचारलं.

छोट्या येऊन शेजारी उभा राहिला. "मी आलो तेव्हा आपले आपणच उभे राहत होते." मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते सगळे वर बघताहेत."

मागे काहीतरी किणकिणलं. दोघं वळली. दादा आणि वहिनी पेटीपाशी होते, सांगाड्याजवळ कोणी नव्हतं. मान खिडकीकडे वळली होती.

"स्क्रू ढिला आहे," ताई म्हणाली. कोणी काही विचारलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. दहावीच्या चौघांनी खुर्ची अलगद दारात टेकवली. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "देव तुमचं भलं करो. आता खाली जा. बोलावलं की या." पोरं गेली. आई पंच्याऐंशीच्या घरात होती, डोळ्यांना कमी दिसायचं, पण पाठ ताठ.

"कुठेत?" तिने विचारलं.

"आई, आपण आधी—" दादा पुढे झाला.

"तू बाजूला हो. तुझा बाप दिसू दे मला."

दादा हलला नाही. मग आयुष्यभर त्याच्या मागे उभी राहिलेली वहिनी पुढे आली आणि तिने त्याचा दंड धरून त्याला बाजूला ओढलं. "सरका," ती म्हणाली. "नवरा आहे त्यांचा."

छोट्याने चाकांचा स्टँड ढकलत सांगाडा खुर्चीजवळ आणला. आईने हात पुढे केला. आधी तिने बोटं धरली. तोंडावर हसू आलं.

"किती मऊ केलीत रे पोरांनी."

मग हात मनगटावरून वर गेला. कोपर. दंड. आंधळ्या माणसाने घरातली वाट शोधावी तसा, न चाचपडता. तो छाती ओलांडून डाव्या खांद्याशी पोचला आणि हासळीवर थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला. आईने दुसऱ्या खांद्यालाही हात लावून बघितला.

"ही गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

दादाने नजर पत्र्याच्या पेटीकडे वळवली.

"वादळाच्या वर्षी सगळं गाव या हॉलमध्ये होतं. वरचे पत्रे उडायला लागले तेव्हा हे एकटे वर चढले. पत्रे धरले आणि खाली आले ते आडवे. हासळी मोडली. डॉक्टर येणार कसा, रस्ताच नव्हता. हेडमास्तरांनी भिंतीवरचा जगाचा कापडी नकाशा काढून दिला, तो फाडून मी पट्ट्या बांधल्या. वाकडी जुळली. इथे गाठ होती, लिंबाएवढी." तिने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं. "पुढे वर्षभर याच शाळेची पोरं आपलं दुकान चालवत होती, पत्रे वाहत होती, म्हणून तुम्ही जेवलात. ती गाठ मी रोज रात्री शेकली आहे. तिच्यावर डोकं ठेवून झोपले आहे." ती थांबली. "हे ते नाहीत."

"आई, हाडं झिजतात," छोट्या म्हणाला. "इतक्या वर्षांत—"

"मोडलेलं हाड झिजून सरळ होतं का गं, ताई? तू शिकवतेस ना?"

ताईने सांगाड्याकडे बघितलं, मग आईकडे. "नाही होत," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"नोकरीला लागले त्या पहिल्याच वर्षी. हासळी शिकवत होते. हाताला गाठ लागेल म्हणून मुद्दाम तिथे बोट नेलं आणि..." तिने बोटं मिटली. "कोणाला सांगू आई? सगळं गाव यांचा हात धरून परीक्षेला जातं. तू ती जागा राखून बसलेलीस. रोज संध्याकाळी यांना कुलूप लावून घरी यायचे आणि वाटायचं, आत कोण आहे? आपण कोणाला कोंडून आलो?"

वहिनी दोन पावलं मागे सरली. "अगं बाई! मी पाया पडले आहे याच्या! पोरींना पाया पाडलंय!"

"दादा," छोट्याचा वकिली आवाज बाहेर आला. "मेडिकल कॉलेजमधून पेटी आणायला तू गेला होतास."

दादा पत्र्याच्या पेटीच्या काठावर बसला. पेटी कुरकुरली.

"वीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तळघर होतं. ओल धरलेलं. तिथल्या माणसाने दोन पेट्या पुढे ठेवल्या. चिठ्ठ्या ओलीने गळून पडल्या होत्या. म्हणाला, तुमचा यातला कुठला ते उघडून बघा. मला उघडवेना. बापाला असं कसं बघायचं? म्हणून उचलून बघितल्या. आपल्या धंद्यात वजनावरून पत्रा ओळखतात, नाही का? एक पेटी हलकी होती, एक जड." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं, माझा बाप हलका असूच शकत नाही. जड उचलली आणि आलो."

"आणि बाबा बारीक होते," ताई म्हणाली.

"काडीसारखे होते! गाडीत बसल्यावर आठवलं मला. अर्ध्या वाटेत! पण इकडे सगळं गाव फाटकात उभं होतं, बँड लावून. मी काय तोंडाने सांगू?"

तो रडायला लागला. मोठ्याने, तोंड न झाकता. छोट्याने, ज्याने गेली कित्येक वर्षं दुकानाच्या वाटणीवरून त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कोणाला कळायचं कारण नाही," छोट्या म्हणाला. "झाळून टाक पेटी. आई, आपण पाच जण आहोत. इथून बाहेर जायचं नाही काही."

"म्हणजे उद्या माझ्या शेजारी पेटी पुरायची आणि वर त्यांचं नाव लिहायचं?"

"गावासाठी, आई."

"गावाला फसवायला गावाचंच नाव होय रे?" आई म्हणाली. तिने सांगाड्याची बोटं अजून सोडली नव्हती. तिने मान वर केली आणि त्या रिकाम्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं.

"कोण हो तुम्ही?" तिने विचारलं.

बाहेर, इतका वेळ गप्प असलेल्या मैदानातून, एकदमच सगळ्यांनी पाय जुळवल्यासारखा एक आवाज आला आणि थांबला. खोलीतला प्रत्येक जण उत्तराची वाट बघत होता, छोट्यासुद्धा. काही आलं नाही. फक्त मान, आईच्या हाताच्या हिसक्याने म्हणा किंवा कशाने, जराशी तिच्याकडे झुकली.

"असो," आई म्हणाली. "सांगता येत नसेल. दादा, डोळे पूस आणि खाली जाऊन सांग सगळ्यांना. खरं काय ते. तू आणलंस, तूच सांगायचंस."

"ते मला उभा चिरतील, आई."

"चिरू देत. मी आहे."

"आणि याचं काय करायचं?" वहिनीने विचारलं.

"घरी न्यायचं. काय करायचं म्हणजे? इतकी वर्षं माझ्या नवऱ्याची जागा यांनी भरली. पोरांचे घामेजलेले हात धरले. आता म्हातारपणी म्हणायचं की चला, तुम्ही आमचे नाही?"

"पण ती जागा, आई," ताई म्हणाली. "तुझ्या शेजारची. तुला बाबांच्या बाजूला..."

आईचा चेहरा तेव्हा कुठे मोडला. तिने ओठ आत ओढून घेतले.

"तुझे बाबा दुसऱ्या कुठल्यातरी शाळेत उभे असतील," ती म्हणाली. "तिथेही परीक्षा असतील. पोरं धावत येऊन खांद्याला लोंबकळत असतील. कोणीतरी त्यांना सांगायला हवं गं, डावीकडून हळू धरा. तिथे दुखतं त्यांना."

त्यांना पेटीत कोणी घातलं नाही मग. घरच्या चौघांनी स्टँडसकट उचलून जिना उतरवला, उभेच्या उभे, आणि मागून पोरांनी आईची खुर्ची.

दादा पायऱ्यांवर उभा राहिला. हेडमास्तरबाई माइक घेऊन पुढे आल्या, त्याने नको म्हटलं. त्याने सांगितलं, तळघर, दोन पेट्या, वजन, सगळं. धुक्यात त्याचा आवाज दूर गेला नसेल, पण रांगारांगांतून कुजबुज मागे सरकत गेली, शेवटच्या काठीवाल्यापर्यंत. वहिनीने छोट्याचा हात पकडला.

"म्हणजे आमची पोरं आणि नातवंडं," मागून काचवाला म्हातारा ओरडला, "परक्याचा हात धरून पास झाली म्हणायची!"

"हो," दादा म्हणाला.

"तुझा पोरगा तर त्याचा हात धरूनही नापासच झाला होता की रे," बेकरीवाली काचवाल्याला म्हणाली. कुठेतरी कोणीतरी फिसकन हसलं. ती रांग मोडून पुढे आली, पिठाचे हात पदराला पुसले, आणि सांगाड्याचा उजवा हात हातात घेतला. "शाळेला काय दिलंत, असं आम्ही सगळ्यांना विचारतो. यांना कोणी विचारलंच नाही. न विचारताच दिलं यांनी."

मग रांगा हलल्या. एकेक जण येत होता, हात धरत होता, पुढे जात होता. म्हातारे, पोरं, पोरांची पोरं. सोडलेल्या मोकळ्या जागाही रांगेबरोबर पुढे सरकत होत्या. ताईने ते बघितलं. त्या जागा सांगाड्यासमोर आल्या की रांग तेवढा वेळ थांबायची, आणि बोटं किणकिणायची. मग पुढचा माणूस यायचा. दादाच्या बॅचची रांग आली तेव्हा तीतही एक मोकळी जागा होती. दादा पायऱ्या उतरून त्या जागेत जाऊन उभा राहिला.

फाटकाशी दादाने स्टँडची चाकं रस्त्यावर टेकवली. आईने खुर्चीतूनच ती कोमट बोटं धरली होती. हाच तो गावाबाहेर जाणारा रस्ता, ज्याच्याकडे सांगाड्याने इतकी वर्षं तोंड केलं होतं. ताई शेजारून चालत होती. चालता चालता तिचं लक्ष वर गेलं.

रस्ता समोर होता आणि मान मागे वळली होती. पार मागे, शाळेकडे.

सवयीने ताईची दोन बोटं हनुवटीखाली गेली.

"राहू दे गं," आई म्हणाली. "घर सोडताना माणूस एकदा मागे बघतोच."